या महिन्यात कोणी नाही

अण्णा सव्वाआठला गेले आणि अकराला सभा होती.

मार्था सिस्टरने त्यांच्या मनगटावरची बोटं काढली, कानातला स्टेथोस्कोप उतरवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पालिकेच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर ती सवय जात नाही. मीही पाहिलं. माझी सवय वेगळी. मी भोरवण नगरपालिकेत सभा लिपिक होते, आणि जन्म-मृत्यूची नोंदवहीही माझ्याच टेबलावर असायची.

"गेले गं हेमा," सिस्टर म्हणाली.

"दिसतंय," मी म्हणाले.

बाप मेल्यावर कुणी असं बोलतं का? पण तोंडातून तेवढंच आलं. आता रडू येईल म्हणून मी जरा वाट पाहिली. नाही आलं. स्टोव्हवर त्यांच्या अंघोळीचं पाणी उकळत होतं, ते जाऊन आधी बंद केलं.

मी लग्न केलं नाही, का ते राहू दे, ती वेगळी कथा आहे. घरात आम्ही दोघंच. दादा नाशिकला. अण्णा पालिकेच्या दोन नंबर शाळेचे हेडमास्तर होते, तीस वर्षं. अर्ध्या गावाने त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांच्या नावाने मुलांना भीती घातली होती. खडूने म्हणा, वयाने म्हणा, छाती गेली होती. त्या दिवशी पहाटेपासून दम लागला. दोन गल्ल्या पलीकडे पालिकेचा दवाखाना, त्याच्या खिडकीतून ऑक्सिजनचं नळकांडं दिसायचं. पण दाराला कुलूप आणि कुलपावर लाखेचं सील. फेब्रुवारीपासून.

मार्था सिस्टर पदर खोचून उठली. "मी शेजारच्या वहिनींना हाक मारते. दादाला फोन कर."

"थांबा सिस्टर."

"काय थांबा?"

"आज सभा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. ती मटकन खुर्चीत बसली आणि कपाळ, छाती, दोन्ही खांदे असं तिने क्रूस काढला. "हेमा, पाप लागेल गं," एवढंच म्हणाली.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी होती.

पालिकेत अठरा सदस्य. नऊ नगराध्यक्ष टेंगसेंचे, नऊ घोलपांचे. दवाखान्यातले डॉक्टर, सिस्टर, आया सगळे कराराचे, आणि करार संपला की सभेने ठराव करून मुदत वाढवायची. फेब्रुवारीत मुदत संपली आणि दवाखान्याला सील लागलं. ठराव मांडायचा तर मतदान होणार, आणि मतदान झालं की कुणाच्या गटातला कोण फुटलाय ते उघडं पडणार. ते टेंगसेंनाही नको होतं आणि घोलपांनाही. एरवी दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत, या बाबतीत मात्र सख्खे भाऊ. बरं, सभेला यायचंच नाही म्हटलं तर सलग सहा महिने गैरहजर राहिलेल्याचं सदस्यत्व जातं. मग त्यांनी युक्ती काढली. यायचं, हजेरीवर सही करायची, आणि पहिलाच विषय दुखवट्याचा. कुणीतरी गेलेलं असतंच. दोन मिनिटं उभं राहायचं आणि मृताच्या सन्मानार्थ सभा तहकूब. नंतर वडे, चहा, आणि आपापल्या घरी.

फेब्रुवारीत राज्यातले एक मोठे पुढारी गेले, ते ठीक. मार्चमध्ये माजी उपाध्यक्ष. एप्रिलमध्ये एका माजी सदस्याची आई, वय शहाण्णव. मेमध्ये तालमीचे वस्ताद. जूनमध्ये कोणीच मिळेना, तर घोलपांच्या मेहुण्याचे सासरे. ते राहायचे परभणीला आणि भोरवण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. जुलैमध्ये पुन्हा कोणीतरी. विषय क्रमांक चार, 'दवाखाना कर्मचारी मुदतवाढ', दर महिन्याला मी टाइप करायचे आणि दर महिन्याला तो तसाच राहायचा.

आणि नावं कोण द्यायचं? मीच. मृत्यूची नोंदवही माझ्याकडे. सभेच्या आधी चिठ्ठीवर नाव, वय, हुद्दा लिहून ती नगराध्यक्षांच्या पेपरवेटखाली ठेवायची, अशी पद्धतच पडली होती. अण्णांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खोकेपर्यंत हसले. मग अर्ध्या जेवणावरून उठले. हात धुताना विचारलं, "तू का देतेस नावं?"

"विचारतात म्हणून."

"अस्सं."

पुढे दर महिन्याला त्यांचं चालू झालं. "काय हेमे, या महिन्यात कोण? नसेल कोणी तर सांग, मी प्रयत्न करतो." मी चिडायचे. त्या दिवशी सातच्या सुमाराला, धाप लागलेली असताना, तीन वेळा थांबून त्यांनी विचारलं, "आज सभा ना?" मी हो म्हणाले. बस, तेवढंच. तुम्ही त्याचा काय अर्थ लावायचा तो लावा. मी पंचवीस वर्षं लावते आहे.

म्हणून म्हणाले, थांबा सिस्टर. देवळे गुरुजी, म्हणजे आमचे अण्णा, गेले असं कळलं असतं तर त्यांना चिठ्ठीसुद्धा लागली नसती. अख्खी सभा उभी राहिली असती. खरं दुःख झालं असतं त्यांना, आणि खऱ्या दुःखानेच त्यांनी सभा तहकूब केली असती.

आम्ही अण्णांना कुशीवर वळवलं, चादर खांद्यापर्यंत ओढली. नऊला जीपवाला आला, त्याला तालुक्याला न्यायला बोलावलं होतं. दारातच सिस्टर म्हणाली, "आता डोळा लागलाय त्यांचा. राहू दे, पुढं बघू." आवाजात जरासुद्धा कंप नाही. जीप गेल्यावर मात्र तिने दाराची कडी घातली आणि कडीला धरून उभी राहिली.

"कुणी आलं तर झोपलेत म्हणा," मी सांगितलं. केस विंचरले, पिन लावली, निघाले. पायात चपला घालताना उजवी-डावी उलटी घातली होती, ते पालिकेच्या जिन्यात कळलं.

अकराची सभा, पण बारा वाजून गेले तरी सभागृहात माणसं जमत होती. सदस्यांच्या मागे लोकांसाठी दोन बाकं असत; एरवी रिकामी, आज एका बाकावर दवाखान्यातली आया चंद्रभागाबाई बसली होती. सहा महिन्यांपासून ती प्रत्येक सभेला येऊन बसायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि घरी जायची. मी हजेरीची वही फिरवली. अठरा सह्या. टेंगसे आले, खुर्चीत बसले, आणि सवयीने पेपरवेट उचललं.

खाली काही नव्हतं. त्यांनी पेपरवेट ठेवलं, परत उचललं.

"देवळेबाई," ते हळूच म्हणाले, "चिठ्ठी?"

"या महिन्यात कोणी नाही साहेब."

"कोणी नाही म्हणजे? असं कसं होईल? गावाला काय अमरपट्टा मिळालाय?"

"नोंदीत नावाजलेलं कोणी नाही."

"अहो, नीट बघा. कोणीतरी असेलच." ते अगदी काकुळतीला आले होते.

समोरून घोलपांनी ओळखलं, काहीतरी अडलंय. ते मोठ्याने म्हणाले, "काय झालं? नाव नाही का? अहो बाई, तुमच्या आळीत एवढी म्हातारी माणसं..." आणि मग आवाज उतरवून, अगदी मायेने, "गुरुजी कसे आहेत? परवा खोकत होते म्हणे."

अठरा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातले निदान बारा अण्णांचे विद्यार्थी.

"झोपलेत," मी म्हणाले.

"सभा झाली की येतो भेटायला. फार दिवस झाले."

"या ना."

मला काही वाटत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. हातापायांना मुंग्या आल्यावर कसं आपलं अंग आपलं नसतं, तसं झालं होतं. मी बोलत होते, आणि दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकावं तसं ते ऐकत होते.

तेवढ्यात शिपाई शेखचाचा वड्यांचा ट्रे घेऊन आत आले. दर वेळी तहकुबी झाली की वडे, म्हणून त्यांनी अंदाजाने आधीच आणले. घोलप म्हणाले, "चला, आधी खाऊन घेऊ, तोवर बाई आठवतील." सगळे हसले. शेखचाचांनी माझ्यासमोरही बशी ठेवली. घरात मढं. आमच्यात चूल पेटत नाही, पाणीसुद्धा जपून पितात. मी बशी बाजूला सारली.

"का हो बाई, आज उपास?" टेंगसेंनी विचारलं. "चेहरा पण उतरलाय."

मी वडा खाल्ला. अख्खा. वर चटणीही लावून घेतली. गरम होता, टाळू भाजली, ती चार दिवस दुखत होती.

"आता वही आणा," घोलप हात पुसत म्हणाले. "वाचा सरळ. अहो, नावाजलेलंच पाहिजे असं कुठं आहे? कुणी का असेना, आपण लोकप्रतिनिधी आहोत."

मुख्याधिकारी साहेबांनी मान हलवली. मी खाली जाऊन मृत्यूची वही आणली. देवाशपथ सांगते, माझ्या डोक्यात काही बेत नव्हता. वाच म्हणाले, मी वाचलं.

"क्रमांक एकशे चार. लक्ष्मण बाबा सावळे, वय ऐंशी, हमाल."

"पुढं."

"एकशे पाच. नाव ठेवलेलं नाही. वय एक दिवस."

मी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"एकशे सहा. जनाबाई रावसाहेब मोकळे, वय बावीस, मजूर. एकशे पाचची आई."

"अरेरे," घोलप म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग त्यांनी टेंगसेंकडे पाहिलं, आणि टेंगसेंनी त्यांच्याकडे. दोघांच्या मनात एकच आलं. घोलप उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, गरिबाची लेक आहे. दोन जीव गेले. माणुसकीच्या नात्याने या सभागृहाने जनाबाई मोकळे यांना श्रद्धांजली..."

"कशानं गेली ते वाच की बाई!"

चंद्रभागाबाई बाकावरून उठली होती. सहा महिन्यांत तिने त्या खोलीत तोंड उघडलं नव्हतं.

"ए बाई, बसा खाली," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई बसत. वाच गं हेमाताई, कारण लिवलंय न्हवं?"

मुख्याधिकारी माझ्याकडे बघत होते. नको म्हणाले नाहीत. मी रकान्यात होतं तसं वाचलं. "बाळंतपणात रक्तस्राव. मृत्यूचं ठिकाण, रस्त्यात, जीपमध्ये."

"माझ्या दारात आली होती ती," चंद्रभागाबाई म्हणाली. "दवाखान्याला कुलूप बघून माझ्या दारात आली. मी आया, डाक्टर हाय का? जीपमधी घातली मी तिला. आन् तुम्ही तिच्यासाठी उभं राहून घरी जाणार व्हय? उभं राहा. राहा ना! मी बघते कोण कोण राहतंय."

घोलप उभेच होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या मागे कुणीच उठलं नव्हतं. मग ते खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसले.

टेंगसे पेपरवेट फिरवत राहिले. मुख्याधिकाऱ्यांनी घसा खाकरला आणि जणू रोजचंच काम असावं तसं वाचलं, "विषय क्रमांक चार. दवाखाना कर्मचारी मुदतवाढ."

 शेवटी टेंगसे वर न बघता म्हणाले, "काय, मंजूर?"

"मंजूर," घोलप म्हणाले.

सर्वानुमते. हात वर नाहीत, मोजणी नाही, कोण फुटलंय तेही कळलं नाही. सहा महिने अडलेलं काम चार मिनिटांत झालं. मी ठराव तिथल्या तिथे लिहिला. सही पुढच्या सभेत घ्यायची पद्धत, पण मी वही टेंगसेंच्या पुढे धरून उभी राहिले. "आत्ताच?" ते म्हणाले. "आत्ताच," मी म्हणाले. त्यांनी केली. चंद्रभागाबाईने पदर डोळ्याला लावला होता. माझे डोळे कोरडे ठणठणीत. मला तिचा हेवा वाटला.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, घरी जाते. वडील गेले."

"काय? कधी?"

"आत्ता. निरोप आला."

शेखचाचा दारात होते. निरोप घेऊन कोणी आलं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, दिवसभर जिन्यात तेच बसायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हो साहेब. आत्ताच पोरगं सांगून गेलं."

अर्ध्या तासात सगळी पालिका आमच्या अंगणात. टेंगसे ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले. "मला पाढे गुरुजींनी शिकवले हो. एकोणतीसचा पाढा. आजही येतो." म्हणूनही दाखवला, मध्येच चुकले. खोटं नव्हतं ते रडणं. तिरडी बांधत होते तेव्हा घोलप त्यांच्या शेजारी उभे होते, मी दाराआड. घोलप कुजबुजले, "दोन तास आधी कळलं असतं ना अध्यक्ष..." टेंगसेंनी डोळे पुसत मान हलवली. "नशीब," म्हणाले. "नशीब एकेकाचं."

मला तेव्हा राग यायला हवा होता. नाही आला.

सिस्टरने कुणाला काही सांगितलं नाही, शेखचाचांनीही नाही. दादा संध्याकाळी पोचला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता?" आणि मी म्हणाले, "दीड." भटजींनी पंचांग उघडलं. षष्ठी सकाळी दहा पंचेचाळीसला संपत होती. "दीडला म्हणजे सप्तमी," ते म्हणाले. "श्रावण वद्य सप्तमी. लक्षात ठेवा, श्राद्ध याच तिथीला." दादाने डायरीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी दवाखान्याचं सील काढलं. पुढच्या महिन्यात जन्माच्या वहीत, ठिकाणाच्या रकान्यात, सात महिन्यांनी मी 'नगरपालिका दवाखाना' असं लिहिलं. मुलगी होती. चंद्रभागाबाई पेढा घेऊन आली. आणि त्याच महिन्याच्या सभेत पहिला विषय दुखवट्याचा होता, कै. देवळे गुरुजी. चिठ्ठी मीच लिहिली, मीच पेपरवेटखाली ठेवली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. टेंगसे मला हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही बसलात तरी चालेल." मी उभी राहिले. मग सभा तहकूब झाली. विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीचा विषय होता, तो राहिला.

अण्णांची नोंदही मीच केली, दुसरं कोण करणार? एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. लोक यायचे, जमिनीसाठी, विम्यासाठी, तारीख मागेपुढे करा म्हणायचे. मी हाकलून द्यायचे. कायद्याची बाई म्हणून माझं नाव होतं, आणि मला त्याचा ताठा होता.

आता एक गोष्ट राहिली, ती सांगते आणि संपवते. त्या दिवशी सकाळी सातला अण्णांचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा मार्था सिस्टर अंगणातला पाटा-वरवंटा बघून म्हणाली होती, "हेमा, हा वरवंटा घेते. कुलूप फोडते. पाच मिनिटांत नळकांडं आणते." ती उचलायला वाकलीसुद्धा. मी तिचा हात धरला. मी म्हणाले, "सिस्टर, नको. सरकारी सील आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. नऊला जीप येतेय ना."

अण्णा जागे होते. त्यांनी ऐकलं. त्यानंतरच त्यांनी विचारलं, आज सभा ना.

टेंगसे, घोलप यांना मी खूप शिव्या घातल्या, मनातल्या मनात, वर्षानुवर्षं. पण कुलपापर्यंत जाणारा हात मी धरला होता. सिस्टरने आजवर तो विषय काढलेला नाही. आता ती थकली आहे, नाताळला मी जाते, करंज्या खाऊन येते. आम्ही दवाखान्याबद्दल बोलतो, अण्णांबद्दल बोलतो. वरवंट्याबद्दल नाही.

दादा दरवर्षी सप्तमीला श्राद्ध करतो आणि फोन करतो. "हेमा, अण्णांचं पान वाढलं बघ. अळूची भाजी केली होती, त्यांच्या आवडीची." मी म्हणते, "बरं केलंस." आदल्या दिवशी, षष्ठीला, मी सकाळी सव्वाआठपासून दुपारी दीडपर्यंत पाणी पीत नाही. त्याने काय होतं? काही होत नाही.

दादाला सांगावं असं दर वर्षी मनात येतं. त्याचं वय पंच्याहत्तर. एवढी वर्षं चुकीच्या तिथीला वडिलांना जेवायला बोलावलं, हे आता त्याला कशाला कळायला हवं?

अण्णा सव्वाआठला गेले. नोंदवहीत दीड आहे.